सांडपाण्याचा उलटा प्रवास

सिंगापुरात वर्षाला सुमारे २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ मुंबईइतका. तरीही हा देश पाण्याला मोताद, कारण पाऊस साठवायला जागाच नाही. त्यामुळे शेजारच्या मलेशियातून, जोहोरमधून पाणी घ्यावं लागतं. तो करार २०६१ साली संपतो. अशा देशाची नजर शेवटी आपल्याच सांडपाण्यावर गेली. १९७४ साली एक प्रायोगिक प्रकल्प उभारून पाहिला, पण खर्च परवडेना आणि यंत्रणेचा भरवसा वाटेना. पुढे गाळणीचे पडदे स्वस्त आणि टिकाऊ झाले, आणि २००३ मध्ये सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचा 'न्यूवॉटर' प्रकल्प सुरू झाला.

घराघरांतलं मैलापाणी खोल जमिनीखालच्या ४८ किलोमीटरच्या बोगद्यातून, नुसत्या उतारानं वाहत चांगीच्या शुद्धीकरण केंद्रात पोचतं. तिथे जिवाणू त्यातली घाण खाऊन टाकतात. मग त्याच केंद्राच्या छतावर बांधलेल्या कारखान्यात खरी नवलाई सुरू होते. आधी सूक्ष्म गाळणीत बारीक गाळ आणि जंतू अडकतात. त्यानंतर येतो तो पडदा. एरवी अशा पडद्यातून पाणी आपणहून कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जातं. इथे प्रचंड दाब देऊन त्याला नेमकं उलट वळवतात. पाण्याचे रेणू पार होतात, क्षार आणि विषाणू अलीकडेच राहतात! शेवटी खबरदारी म्हणून अतिनील किरणांचा मारा.

हे पाणी इतकं निर्मळ असतं की त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे संगणकाच्या चिप बनवणारे कारखाने. कोरड्या दिवसांत काही पाणी जलाशयांत सोडतात, पावसाच्या पाण्यात मिसळतात, पुन्हा शुद्ध करतात आणि मग ते नळाला येतं. लोकांच्या मनातली किळस कशी गेली? २००२च्या राष्ट्रीय दिनाला पंतप्रधान गोह चोक तोंग यांच्यासह हजारो नागरिकांनी एकाच वेळी हे पाणी प्यायलं. मला यंत्रांइतकंच हेही मोठं वाटतं.

शेतीला मात्र एवढी शुद्धता लागतच नाही. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद पिकाला हवंच असतं. पडदा तेही काढून टाकतो. पुण्याचं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडून हवेली-दौंडच्या शेतीला देतात, ती कल्पना म्हणूनच योग्य आहे. तिथे सिंगापूरच्या पडद्यांची गरज नाही. पण कालव्यात पडण्याआधी प्रत्येक थेंबावर जिवाणूंची ती पहिली प्रक्रिया पूर्ण झालेली असलीच पाहिजे, आणि पाण्याच्या तपासणीचे आकडे शेतकऱ्याला दर महिन्याला मिळाले पाहिजेत.