तीन हिट कमी पडले

२०२५च्या मोसमात फिलाडेल्फियाच्या ट्रे टर्नरने बेसबॉलच्या नॅशनल लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला क्रमांक मिळवला. त्याची सरासरी होती .३०४. १८७६पासून चालत आलेल्या या लीगमध्ये इतक्या कमी सरासरीवर हा मान कुणालाही मिळाला नव्हता. त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये .३००च्या वर राहिलेला पात्र फलंदाज तो एकटाच. यात टर्नरचा काही दोष नाही. पण तो आकडा वाचून मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

बेसबॉलमधली सरासरी साधी असते. फलंदाजाला मोजण्याजोग्या हजार संधी मिळाल्या, तर त्यातल्या किती वेळा त्याने फटका मारून बेस गाठला? दहात तीन वेळा गाठला तर उत्तम. दहात चार वेळा म्हणजे जवळजवळ अशक्य. १९४१च्या शेवटच्या दिवशी टेड विल्यम्स .३९९५५वर होता. बाकावर बसून राहिला असता तरी ते .४०० धरलं गेलं असतं. तो दोन्ही सामने खेळला, आठात सहा हिट मारले आणि .४०६वर थांबला. २०२४मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगचे आकडे अधिकृत यादीत आले आणि जॉश गिब्सनची १९४३ची .४६६ ही सरासरी सर्वांत वर गेली. फार उशिरा झालेला न्याय, पण झाला. विल्यम्सनंतरच्या दशकांत रॉड कॅर्यू .३८८पर्यंत आला, जॉर्ज ब्रेट .३९०पर्यंत.

मला बोलायचं आहे ते नव्वदीच्या दशकाबद्दल. ते मी सॅन डिएगोत काढलं, आणि तिथे टोनी ग्विनला खेळताना पाहिलं. क्रिकेटवर पोसलेल्या माझ्या डोळ्यांना हा खेळ कळला तो त्याच्यामुळे. डावखुरा, अंगाने भरलेला, हातात छोटीशी बॅट. तिसरा बेस आणि शॉर्टस्टॉप यांच्यामधल्या फटीतून तो चेंडू असा काढायचा की विश्वनाथचा लेट कट आठवावा. आज प्रत्येक संघाकडे व्हिडिओ पाहणारी फौज असते. ग्विनने १९८३मध्येच, फॉर्म हरवला तेव्हा, बायकोला घरी सामने टेप करायला सांगितलं आणि आपल्याच चुका पुन्हापुन्हा पाहिल्या. ग्रेग मॅडक्स हा त्या काळातला सर्वोत्तम गोलंदाज. १०७ वेळा समोरासमोर येऊनही त्याला ग्विनला एकदाही स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, करता आलं नाही.

संघ मात्र भिकार होता, आणि तो मालकांनी तसा केला होता. पगार वाचवण्यासाठी १९९३च्या एका उन्हाळ्यात गॅरी शेफील्ड आणि फ्रेड मॅकग्रिफ दोघांनाही देऊन टाकलं. ग्विन राहिला. तो नुसते एकेरी फटके मारतो, स्वतःच्या सरासरीसाठी खेळतो, असं म्हणणारे होतेच. त्यातल्या कित्येकांना संघासाठी वीस वर्षं एकाच गावात राहणं म्हणजे काय, हे कधी समजलं नाही.

मग १९९४ आलं. ऑगस्टमध्ये ग्विनची सरासरी .३९४ होती, ४१९ संधींत १६५ हिट. आणखी तीन हिट पडले असते तर .४०० ओलांडलं असतं. ब्रॅडमनच्या चार धावा आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहेत, पण ब्रॅडमनला निदान शेवटचा डाव खेळायला मिळाला होता. १२ ऑगस्टला संप सुरू झाला. मालकांना पगारावर मर्यादा हवी होती, खेळाडूंना ती नको होती, आणि मोसम तिथेच संपला. १९०४नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज झाली नाही. पुढच्या सहा-सात आठवड्यांत ग्विनने .४०० गाठलं असतं की नाही, ते कोण सांगणार? प्रयत्न करण्याचा त्याचा हक्क हिरावला गेला, आणि त्याचा मोठा दोष मी मालकांनाच देतो.

१९९७मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्याने .३७२ केलं. लोकांनी हवं तितकं लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वर्षी मॅकग्वायरचे ७० आणि सोसाचे ६६ होमरन आले आणि देश त्यांच्या मागे धावला. मॅकग्वायरने २०१०मध्ये स्टेरॉइड घेतल्याचं कबूल केलं, पण तोवर खेळाची चव बिघडून गेली होती. त्यानंतरची वर्षं मी फारशी मन लावून पाहिली नाहीत. २०१८मध्ये पहिल्यांदाच अख्ख्या मोसमात हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. ग्विन १९९५च्या संपूर्ण मोसमात पंधरा वेळा स्ट्राइकआउट झाला होता. आता चांगला म्हणवणारा फलंदाजही एका महिन्यात त्याहून जास्त वेळा होतो, आणि होमरन येताहेत तोवर कुणी त्याला बोल लावत नाही.

ग्विन २०१४मध्ये लाळग्रंथीच्या कर्करोगाने गेला, चोपन्नाव्या वर्षी. या आजाराचं कारण तो स्वतः खेळताना चघळलेल्या तंबाखूत पाहत होता.

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता कितीतरी मुलं लिटल लीग खेळतात, आणि होमरनच्या हव्यासापायी बॅट जिवाच्या आकांताने फिरवायला शिकतात. त्यांच्या आईबापांना माझी विनंती आहे: ग्विनच्या जुन्या चित्रफिती शोधा, मुलांना शेजारी बसवून दाखवा, आणि चेंडू कुठे मारायचा हे त्याने कसं ठरवलं तेवढंच पाहायला सांगा.