विश्लेषण : मानसशास्त्र शिकून लैंगिक आरोग्य समुपदेशक कसं होता येतं?

लैंगिक तक्रार असली की अनेक जण आधी मोबाइलवर शोधतात किंवा ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातीतला नंबर फिरवतात. प्रत्येक वेळी आजार असतोच असं नाही. कधी नुसती भीती किंवा चुकीची माहिती असते. मानसशास्त्रज्ञाचं काम इथेच सुरू होतं.

शिक्षण काय लागतं?
मानसशास्त्रात बीए, मग एमए. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ व्हायचं तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. लैंगिक आरोग्याचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

काम कसं चालतं?
जॅक अ‍ॅनन यांचं ‘प्लिसिट’ मॉडेल प्रसिद्ध आहे. त्याच्या चार पायऱ्या : बोलायची मोकळीक, मोजकी माहिती, नेमक्या सूचना आणि गरज असेल तरच सखोल थेरपी. तक्रारीमागे मधुमेहही असू शकतो, म्हणून डॉक्टरांची तपासणी टाळायची नाही.

सगळं गुप्त राहतं का?
मानसिक आरोग्य कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. मात्र १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १७ वर्षांच्या मुलीची संमतीही कायदा मानत नाही. त्यामुळे ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगायला हवी. नंतर सांगितली तर विश्वास तुटतो.

विरोध होतो का?
होतो. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. पुढे याच कामापायी प्राध्यापकी सोडावी लागली. २००७ मध्ये महाराष्ट्रानेही शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला विरोध केला होता. म्हणून शाळेत जाण्याआधी पालकांशी बोलणं, हाही या कामाचाच भाग.