स्वयंपाकघरातली नम्रता : संत बेनेडिक्टच्या नियमावलीचे एक वाचन

नम्रता हा गुण आपल्याकडे बहुधा दुसऱ्याला शिकवला जातो. सासू सुनेला शिकवते, मालक गड्याला शिकवतो, वरच्या जातीचा खालच्या जातीच्याला शिकवतो. ज्याला आधीच वाकवलेले आहे त्यालाच आणखी वाकायला सांगणाऱ्या उपदेशाबद्दल शंका यावी हे स्वाभाविक आहे. ख्रिस्ती परंपरेतल्या नम्रतेवरही हाच आक्षेप घेतला जातो. तो मनात ठेवूनच मी गेली काही वर्षे संत बेनेडिक्टची नियमावली निरनिराळ्या भाषांतरांतून वाचत आलो आहे. या आक्षेपाचे उत्तर मला तिच्यातल्या उपदेशाच्या प्रकरणापेक्षा स्वयंपाकघराच्या प्रकरणात अधिक सापडले.

बेनेडिक्टचा जन्म इ. स. ४८०च्या सुमारास मध्य इटलीतल्या नुर्सिया येथे झाला. रोमचे पश्चिम साम्राज्य त्याच्या थोडे आधी, ४७६ साली कोसळले होते. रोममधले शिक्षण अर्धवट सोडून तो सुबियाकोच्या गुहेत एकांतात राहिला आणि पुढे ५२९च्या सुमारास मोंते कासिनोच्या डोंगरावर त्याने मठ उभारला. प्रस्तावना आणि ७३ लहान प्रकरणे एवढीच त्याची नियमावली. पुढे पश्चिम युरोपातल्या असंख्य मठांनी तिच्यावर आपले जीवन बेतले.

सातवे प्रकरण नम्रतेचे आहे. बायबलमधल्या याकोबाने स्वप्नात पाहिलेली शिडी बेनेडिक्ट येथे घेतो आणि तिचा अर्थ उलटा वाटावा असा लावतो : गर्वाने माणूस खाली उतरतो, नम्रतेने वर चढतो. या शिडीला बारा पायऱ्या आहेत. पहिली देवाच्या भयाची. चौथी कठीण प्रसंगी, अन्याय होत असतानाही, टिकून राहण्याची. पुढच्या पायऱ्या बोलणे, हसणे, चालणे यांपर्यंत येतात. शेवटी भय गळून पडते आणि त्याच्या जागी प्रेम येते. सातव्या पायरीवर मात्र आपण सर्वांहून हीन आहोत असे मनापासून मानायला सांगितले आहे, आणि तेथे आजचा वाचक अडखळतो. मीही अडखळतो.

हे प्रकरण बरेचसे उसने आहे. ‘गुरूची नियमावली’ या नावाने ओळखला जाणारा, कर्ता अज्ञात असलेला एक जुना ग्रंथ आहे, आणि बेनेडिक्टने त्यातून पुष्कळ घेतले असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून त्याने काय घेतले यापेक्षा काय बदलले हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. ‘गुरू’च्या मठात कोणाचाही दर्जा ठरलेला नसतो. मठाधिपती आपला वारस स्वतः निवडतो, आणि ती आशा ठेवून सर्वांनी सद्गुणांत व नम्रतेत चढाओढ करावी अशी तेथे अपेक्षा आहे. नम्रतेची चढाओढ! ती कुठे जाऊन पोचेल हे सांगायला नको. बेनेडिक्टने हा डाव मोडला. मठात जो आधी आला तो पुढे, नंतर आला तो मागे. गुलामीतून आलेल्याच्या पुढे स्वतंत्र कुळातल्याला केवळ जन्मामुळे बसवायचे नाही. धर्मगुरू मठात राहायला आला तरी त्याचे स्थान सामान्यतः त्याच्या प्रवेशाच्या दिवसावरून ठरते. मठाधिपतीला मठवासीच निवडतात. नम्र दिसून काही मिळण्याची सोयच फारशी उरत नाही.

आता पस्तिसावे प्रकरण. स्वयंपाकघराचे काम सर्वांनी आठवड्याच्या पाळीने करायचे. आजारी माणूस किंवा मठाच्या अत्यंत गरजेच्या कामात गुंतलेला माणूस एवढ्यांनाच सूट. जो अशक्त असेल त्याला मदतनीस द्यायचा. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने टॉवेल धुवायचे, आणि पाळी संपवणारा व नवी घेणारा अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड स्थितीत कोठावळ्याच्या हवाली करायची. या कोठावळ्यालाही वेगळी ताकीद आहे : मठाची भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांप्रमाणे सांभाळ. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. वाढप्यांना जेवणाआधी थोडे पेय आणि भाकरी जास्तीची द्यायची, म्हणजे भुकेल्या पोटी कुरकुरत वाढावे लागणार नाही. सेवा करणाऱ्याच्या भुकेची नोंद ठेवणारी ही नम्रता आहे.

पाय धुण्याचा हा विधी योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायाशी जोडलेला आहे. तेथे येशू शिष्यांचे पाय धुतो. पवित्र गुरुवारी वसईच्या चर्चमध्येही धर्मगुरू पाय धुताना दिसतात, पण तो वर्षातला एक दिवस. बेनेडिक्टने त्याच कृतीला आठवड्याच्या धुण्याभांड्यांत आणून बसवले.

अधिकाराचे काय? महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सर्वांना बोलवावे, कारण योग्य गोष्ट देव कित्येकदा सर्वांत लहानाला सुचवतो, असे तिसरे प्रकरण सांगते. अंतिम निर्णय मठाधिपतीचा, पण प्रत्येक जिवाचा हिशेब त्याला देवापुढे द्यायचा आहे. अशक्य वाटणारे काम सांगितले गेले तर मठवासीने आपली अडचण शांतपणे, योग्य वेळी मांडावी, असे अडुसष्टावे प्रकरण म्हणते. त्यानंतरही आज्ञा कायम राहिली तर मात्र ती पाळायची. म्हणजे तोंड अगदीच बंद केलेले नाही, पण पूर्ण मोकळेही नाही. याच नियमावलीत बहिष्कार आहे, फटक्यांची शिक्षाही आहे. सहाव्या शतकातला हा ग्रंथ आजचा करून दाखवण्यात अर्थ नाही.

तरीही मूळ आक्षेपाचे उत्तर त्यात आहे असे मला वाटते. नम्रता मनाच्या भावनेवर सोडली की ती दुबळ्याच्या वाट्याला येते. ती कामाच्या वाटणीत घातली की बलवानालाही वाकावे लागते. वारीत एकमेकांच्या पाया पडणाऱ्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. तेथे नमस्कार दोन्हीकडून होतो, म्हणूनच त्यात कोणी लहान होत नाही.

आध्यात्मिक बळ म्हणतात ते या व्यवस्थेत वेगळे कमवावे लागत नाही. आपल्यानंतर आलेल्याचे पाय धुणे, धाकट्याचे म्हणणे ऐकून मत बदलणे, पुढच्या आठवड्यात पाळी पुन्हा येणार हे माहीत असूनही भांडी नीट घासणे, याला बळच लागते आणि यातूनच ते वाढते. म्हणून एखाद्या आश्रमात, संस्थेत किंवा घरात नम्रतेचा फार उल्लेख होऊ लागला की मी एवढेच विचारतो : इथली भांडी कोण घासतो, आणि पाळी सगळ्यांवर येते का?