उंबरा नव्हे, रस्ता मोजा

पुराची तयारी म्हटलं की आपल्याला सामानाची यादी आठवते. टॉर्च, काडेपेटी, कोरडा खाऊ, औषधं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा आणि रेशनकार्ड. हे सगळं हवंच. पण 2019च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडची हजारो माणसं माडीवर आणि गच्चीवर अडकली, ती पिशवी भरली नव्हती म्हणून नव्हे. निघायचं कधी, हे बहुतेक घरांत ठरलेलंच नव्हतं. पाणी अंगणात आल्यावर त्यावर चर्चा सुरू होते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही कृष्णेची इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. 2005च्या महापुरात पाणी 54 फुटांच्या आत थांबलं होतं. त्या पुराच्या चिखलाची रेघ कितीतरी भिंतींवर राहिली, आणि तीच लोकांच्या मनात पुराची कमाल मर्यादा होऊन बसली. त्यामुळे 2019 ला गाद्या, धान्याची पोती, फ्रीज त्या रेघेच्या हातभर वर चढवून माणसं निर्धास्त राहिली. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. जुन्या पुराची आठवण अनमोल आहे, पण ती नदी कुठपर्यंत आली होती एवढंच सांगते. पुढच्या वेळी ती कुठे थांबेल, हे सांगत नाही.

म्हणून पाणी किती फुटांवर आलं की निघायचं, याचा प्रत्येक घराला आपला आकडा हवा, आणि तो उंबऱ्याचा नको, रस्त्याचा हवा. घर उंच जोत्यावर असेल, पण बाहेर पडायची वाट ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून जात असेल, तर तो पूल बुडाला की उंच घराचं बेट होतं. सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल वस्त्यांना आपल्या गल्लीत किती फुटाला पाणी शिरतं हे नेमकं ठाऊक असतं. तसाच आपल्या वाटेचा आकडा उन्हाळ्यात विचारून घ्यावा, त्यातून दोन-तीन फूट वजा करावेत आणि उरलेला आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा. म्हातारी माणसं, बाळंतीण, डायलिसिसवर असलेला रुग्ण यांनी त्याच्याही आधी निघायचं. शेवटच्याने मेन स्विच पाडायचा, गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा. कोणाकडे जायचं, किल्ली कोणाकडे राहील, हेही उन्हाळ्यातच बोलून ठेवायचं.

यावर पहिला आक्षेप असतो चोरीचा आणि गोठ्यातल्या जनावरांचा. तो खोटा नाही. दुभती म्हैस हे घराचं उत्पन्न आहे आणि तिला दाव्याला बांधून कोणी जाणार नाही. पण नेमकं म्हणूनच लवकर निघायला हवं, कारण जनावरं रस्त्याने चालत जाऊ शकतात, बचावपथकाच्या बोटीत मावत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक खरा: चार वेळा निघालो, तीन वेळा पाणी आलंच नाही, रोजगार मात्र बुडाला. हातावर पोट असलेल्याला हा खर्च लहान नाही, आणि गावाने, पंचायतीने त्याचा भार उचलायला हवा असं मला मनापासून वाटतं. तरीही समोर ब्रह्मनाळ ठेवावं लागतं. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या या गावी पुरातून निघालेली, माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि अनेकांचा जीव गेला. ‘प्रशासन सांगेलच की’ हे म्हणणंही अर्धंच खरं आहे. प्रशासन सांगतं ते अख्ख्या गावाला. तुमच्या आजीला जिना उतरायला किती वेळ लागतो, हे जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षात 1077 वर फोन उचलणाऱ्याला माहीत नसतं.

कोकणात हा हिशेब बदलतो. कृष्णा फूट-फूट चढते, विचार करायला वेळ देते. चिपळूणला 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी नदीने तो दिला नाही. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की पाणी खाली उतरत नाही आणि बाजारपेठेत शिरतं. तिथे नदीच्या फुटांवर अवलंबून राहणं धोक्याचं. अतिवृष्टीचा इशारा आणि रात्रीच्या भरतीची वेळ जुळत असेल, तर झोपण्याआधीच, उजेडात, वरच्या आळीतल्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवलेला बरा. पंचांगात भरतीची वेळ छापलेली असते, आणि पंचांग बहुतेक घरांत खुंटीला टांगलेलं असतंच.