चौघांचं भुयार

मी मढला राहतो. आमच्या गावाच्या टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. १७३९मध्ये तो मराठ्यांनी घेतला, आता तो हवाई दलाच्या ताब्यात आहे. आत जायची सोय नाही, त्यामुळे गावातल्या पोरांच्या मनात त्या किल्ल्याखाली आपापलं एक भुयार असतं. संगणकावरच्या एका जुन्या खेळाचा जन्मही अशाच मनातल्या भुयारातून झाला.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. मित्रांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी योद्धा, जादूगार वगैरे होऊन त्या गोष्टीतल्या तळघरात उतरायचं. सामान म्हणजे फासे, कागद आणि पेन्सिल. खेळाचं लघुरूप ‘डी अँड डी’. भरभर म्हटलं की त्याचं ‘डँडी’ होतं. जॉन पॅलेविच या एमआयटीच्या विद्यार्थ्यानं नेमक्या याच नावाचा खेळ अटारीच्या घरगुती संगणकासाठी लिहिला. १९८३मध्ये तो विक्रीला आला.

त्या काळचा घरगुती संगणक म्हणजे कीबोर्डच्या पेटीतच सगळं यंत्र आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही. पुष्कळदा खेळ गाण्यांसारखे कॅसेटवर मिळत. आपल्याकडेही १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं ब्रिटिश ‘स्पेक्ट्रम’ परवान्यानं बनवून विकला. अटारी ८००ला मात्र एक खास सोय होती. त्याला चार जॉयस्टिक जोडता येत. म्हणून ‘डँडी’त चौघे एकाच वेळी, एकाच पडद्यावर भुयारात उतरत.

या खेळात एखादा गडी मेला तरी त्याचा खेळ संपत नसे. भुयारात कुठेतरी हृदयाचं चिन्ह असे. ते सोबत्यांना सापडलं की मेलेला पुन्हा उठे. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. समोरचा गडी मारला की आपला बसलेला गडी उठतो. कबड्डीच्या या प्रकाराला ‘संजीवनी’ असं नावच आहे.

दोन वर्षांनी, १९८५मध्ये, एड लॉग यांचा ‘गॉन्टलेट’ आला. त्यावर ‘डँडी’ची छाप उघड दिसते, पण हे यंत्र दुकानात ठेवायचं, नाणं टाकून खेळायचं होतं. म्हणून त्यात एक नवा हिशोब आला. प्रत्येक गड्याची प्राणशक्ती आकड्यात दिसे आणि तो आकडा काही न करताही सारखा घटत राही. वाढवायचा तर वाटेत अन्न शोधा, नाहीतर नाणं टाका. ‘डँडी’त मेलेल्याला सोबती उठवत, इथे खिसा उठवू लागला.

तरीही हा खेळ एकट्याचा झाला नाही. चौघांना पडद्याच्या बाहेर जाता येत नसे. एक मागे अडकला की बाकीचेही थांबत. आमच्या कोळीवाड्यात जाळं ओढताना एकानं दोर सोडला की सगळ्यांचा खोळंबा होतो, तसंच हे. भुतं निपजणारी ठिकाणं फोडली नाहीत तर भुतं येतच राहत. एकानं ती फोडायची, दुसऱ्यानं पाठ सांभाळायची. पुढच्या काही पातळ्यांवर तर आपलाच बाण सोबत्याला लागे.

१९८६मध्ये ‘गॉन्टलेट’ स्पेक्ट्रमसारख्या घरगुती संगणकांवर आला. तिथे दोघांनाच खेळता येई. पण घरी नाणं टाकायची फट नव्हती, म्हणून अन्नाचं मोल अधिक.

मला या खेळात सर्वांत मोलाची वाटते ती एकच गोष्ट. समोर अन्नाचं एकच ताट आहे आणि खाणारे अनेक. जो आधी पोहोचेल त्याला ते खाता येतं. ज्याचा आकडा सर्वांत कमी त्याला ते द्यावं, असा नियम खेळात कुठेही लिहिलेला नाही. आमच्याकडे दस्तरखानावर एका थाळीभोवती बसलं की आपल्या समोरचंच खायचं, पलीकडचा घास दुसऱ्याचा, हे मोठी माणसं शिकवत. पडद्यावरच्या भुयारात शिकवणारं कुणी नसतं. पण जो एकटाच खातो, तो थोड्याच वेळात भुतांच्या घोळक्यात एकटा उरतो. मग पुढच्या डावात मुलं आपणच एकमेकांना विचारू लागतात, ‘तुझा किती उरलाय?’