दुधी काचेची किमया

चित्रपटात नायकाचा चेहरा रेखीव दिसतो आणि मागची झाडे पुसट होतात. छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यातून मात्र चेहरा, झाडे, विजेच्या तारा, सारेच सारखे स्पष्ट येते. असे का व्हावे?

३५ मि.मी. फिल्मवरील चौकट सुमारे २२ मि.मी. रुंद असते. २००० सालच्या सुमारास वापरात असलेल्या अनेक व्हिडिओ कॅमेऱ्यांचा संवेदक जेमतेम ४.८ मि.मी. रुंद होता. फिल्मवर जे दृश्य ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग टिपते, तेच या संवेदकावर ११ मि.मी.चे भिंग टिपते. दोन्ही भिंगांचा व्यास नाभीय अंतराच्या निम्मा धरला, तर एकाचे तोंड २५ मि.मी., दुसऱ्याचे फक्त साडेपाच! पुसटपणा ठरतो तो या तोंडाच्या रुंदीवर.

त्या काळी हौशी मंडळींनी यावर घरगुती तोड काढली. छायाचित्रणाच्या कॅमेऱ्याचे मोठे भिंग पुढे, फिल्मच्या जागी दुधी काच, आणि काचेवर पडलेल्या चित्राचेच मागून चित्रण!

ही काच हवीच कशाला? ती काढली, तर मोठ्या भिंगातून आलेल्या किरणांपैकी मागच्या छोट्या भिंगात शिरतील तेवढेच उपयोगी पडतात. दुधी काचेचा प्रत्येक बिंदू मात्र प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. म्हणून पुसट भागासह संपूर्ण चित्र काचेवरच पक्के होते.

हे तुम्हीही पडताळून पाहा. अंधाऱ्या खोलीत १० सें.मी. नाभीय अंतराच्या व ५ सें.मी. व्यासाच्या बहिर्गोल भिंगापासून ५० सें.मी.वर मेणबत्ती आणि ३ मीटरवर दिवा ठेवा. भिंगामागे १२.५ सें.मी.वर ट्रेसिंग पेपर धरा. ज्योत स्पष्ट, पण उलटी दिसेल; दिव्याचा मात्र सुमारे १ सें.मी.चा पुसट ठिपका होईल. आता ५ मि.मी. छिद्राचा पुठ्ठा भिंगावर लावा. प्रकाश घटेल, पण ठिपका आक्रसून दिवा बराच रेखीव होईल. मोबाईलने कागदाचे मागून चित्रण केलेत, की तुमचे उपकरण तयार! (भिंग सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका.)

कागदाचे तंतू चित्रात दिसतील. काचेचा खरखरीतपणाही असाच दिसे. म्हणून काही जण काच छोट्या मोटरने फिरवीत. एका चौकटीच्या १/५० सेकंदात कण सरकून एकजीव होत. २००८ नंतर मोठ्या संवेदकाचे व्हिडिओ घेणारे कॅमेरे आले आणि या काचेची गरज ओसरली. मात्र भिंगाचे तोंड आणि पुसटपणा यांचे नाते आजही तेच आहे.