कमी दिवसांचं बाळ: ऐकीव आणि खरं

वसई-विरारमधल्या एखाद्या प्रसूतिगृहात कमी दिवसांचं बाळ जन्मलं, की बाहेर थांबलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "कितव्या महिन्याचं?" आणि दुसरा, "काचेची पेटी कुठे मिळेल?" मग फोनाफोनी सुरू होते. कुणी म्हणतं इथेच बघू, कुणी म्हणतं सरळ मुंबईला न्या. या धावपळीत बाळाची आई वॉर्डातल्या खाटेवर एकटीच असते. बऱ्याचदा तिला बाळाचा चेहराही नीट दिसलेला नसतो. घरातलं वडीलधारं माणूस मायेनं तिला सांगतं, "तू आराम कर, बाळाचं डॉक्टर बघतील."

कमी दिवसांच्या बाळांबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत, पण माझ्या मते त्यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज याच वाक्यात आहे. आईला बाळापासून दूर ठेवणं म्हणजे तिला विश्रांती देणं, असं आपण धरून चालतो. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतलं संशोधन याच्या नेमकं उलट सांगतं.

"सातमासी तगतं, आठमासी तगत नाही"

हा समज आजीकडून नातीकडे आलेला, आणि आजीच्याही कितीतरी आधीचा. आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर असतं, म्हणून त्या महिन्यात जन्मलेलं मूल जगत नाही, असं आपल्या जुन्या आयुर्वेदिक संहितांनी म्हटलं आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकातही असाच समज होता. पण बाळ जितके जास्त आठवडे पोटात राहील तितकी त्याची फुफ्फुसं, मेंदू आणि आतडी अधिक तयार होतात. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची जगण्याची शक्यता सातव्या महिन्यातल्या बाळापेक्षा जास्तच असते. या समजुतीचं खरं नुकसान वेगळं आहे. "सातमासी आहे, काही होत नाही" म्हणून उपचाराला उशीर होतो, नाहीतर "आठमासी आहे, हाती लागायचं नाही" म्हणून घरचे आधीच हात टेकतात.

डॉक्टर महिने मोजत नाहीत, आठवडे मोजतात. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ ते कमी दिवसांचं. 2020 साली जगात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं जन्मली, त्यातली 30 लाखांहून जास्त एकट्या भारतात.

"तिनंच दगदग केली"

विरारची सून आठवा महिना लागेपर्यंत चर्चगेटला नोकरीला जात होती. जाता-येता 60-60 किलोमीटर, तेही लोकलच्या गर्दीत. बाळंतपण लवकर झालं की बोट तिच्याकडेच वळतं. जिने चढली, जड उचललं, ग्रहणात बाहेर पडली, डोहाळजेवणाला उगाच नाचली. काही जणी हे सगळं मुकाट ऐकून घेतात, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना ते पटतंही.

बाळंतपण लवकर होण्याची जी कारणं माहीत आहेत ती अशी: गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, मुदतीआधी पाणी जाणं, जुळं असणं, गर्भपिशवीच्या तोंडाचे दोष, रक्तक्षय, दोन बाळंतपणांत फार कमी अंतर, आधीचं बाळंतपण लवकर झालेलं असणं. कित्येकदा तर कारण सापडतच नाही. सतत उभं राहून केलेल्या जड कष्टाच्या कामानं धोका थोडा वाढतो असं अभ्यासांत दिसतं. म्हणून असं काम करणाऱ्या बाईला वेळीच हलकं काम मिळायला हवं. ती जबाबदारी घरच्यांची आणि मालकाची आहे. एका प्रवासाचा किंवा एका जिन्याचा हिशेब तिच्या माथी मारू नये. "आधीच खाटेवर पडून राहिली असती तर टळलं असतं," हेही खरं नाही. नुसतं झोपून राहिल्यानं बाळंतपण लांबतं याला पुरावा नाही, उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

"पेटीतच बाळ सुरक्षित, बाहेर काढू नका"

पेटी लागते, आणि ती वेळेवर मिळालीच पाहिजे. फार लहान बाळाला, श्वासाला मदत लागणाऱ्या बाळाला नवजात अतिदक्षता कक्षाशिवाय पर्याय नाही. चूक होते ती पुढे, पेटी म्हणजेच संपूर्ण उपचार असं मानण्यात.

1978 साली कोलंबियाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्यापुढे साधी अडचण होती. बाळं जास्त, पेट्या कमी. एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवली की संसर्ग पसरायचा. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं बांधायला सुरुवात केली. यालाच पुढे कांगारू मातृसेवा हे नाव पडलं. सुरुवातीला ती गरिबांची तडजोड समजली गेली, आणि आपल्याकडे अजूनही पुष्कळांना तसंच वाटतं.

मुंबईतच याचं उत्तर मिळालेलं आहे. परळच्या केईएम रुग्णालयात दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या 206 बाळांवर झालेला अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. आईच्या छातीवर ठेवलेल्या बाळांचं वजन दिवसाला सरासरी 24 ग्रॅमनं वाढलं, नेहमीच्या पद्धतीनं सांभाळलेल्या बाळांचं साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास. आपल्या लोकलच्याच मार्गावरचा हा पुरावा आहे, आणि तो वसईत फारसा कुणाला ठाऊक नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यानंतर प्रश्न उरला तो वेळेचा. बाळ स्थिर झाल्यावर छातीवर घ्यायचं, की जन्मल्याबरोबर? भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत 1 ते 1.8 किलोच्या 3211 बाळांवर हे तपासलं गेलं. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एका गटातल्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या छातीवर घेतलं, दिवसाला जवळपास 17 तास. दुसऱ्या गटातल्या बाळांना ती स्थिर झाल्यावर. पहिल्या 28 दिवसांत पहिल्या गटातली 12 टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटातली 15.7 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. 2021 साली हे प्रसिद्ध झालं, आणि 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपली शिफारस बदलली. जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर, दिवसातले 8 ते 24 तास बाळ छातीवर असावं.

हे करायचं कसं? बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. आई मागे रेलून बसलेली, सपाट झोपलेली नव्हे. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मध्ये, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते आणि चेहरा आईला दिसतो. वरून मऊ सुती साडीचा पट्टा, बाळाच्या कानाच्या पाळीपर्यंत. एका वेळी निदान तासभर, कारण सारखं उचल-ठेव केली की बाळ दमतं. नाकात नळी असली किंवा ऑक्सिजन चालू असला तरी कित्येक बाळांना असं घेता येतं. ते डॉक्टर ठरवतील, पण विचारायचं आपण.

"एवढ्या उकाड्यात?" हा खास आपल्या किनाऱ्यावरचा प्रश्न. मे महिन्यातला वसईचा दमटपणा ठाऊक असलेल्या माणसाला तो पडणारच. पण कमी दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबी फार कमी असते, त्यामुळे आपल्याला घाम फुटलेला असतानाही ते गार पडू शकतं. हाताच्या उलट्या बाजूनं आधी त्याचं पोट आणि मग तळपाय लावून पाहा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर ती धोक्याची खूण.

सिझेरियन झालेल्या आईलाही बरं वाटताच बाळ असं घेता येतं. तोवर वडील, आजी, मावशी, कुणीही घेऊ शकतं. "पुरुषाला काय जमणार" म्हणून बाबाला बाहेर बसवू नका, त्याची छातीही तेवढीच ऊबदार असते. बाळाला दुसऱ्या रुग्णालयात न्यायचं असेल आणि सोय कमी असेल, तर स्थिर बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं छातीवर बांधूनही नेता येतं. घोडबंदरच्या अलीकडे महामार्गावर गाड्या तुंबलेल्या असताना या ऊबेला किती किंमत येते ते वेगळं सांगायला नको.

"पहिलं दूध जड, डब्याचं दिलं की वजन भरेल"

पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, काही घरांत अजून पिळून टाकतात. कमी दिवसांच्या बाळाला तर तोच सर्वांत आधी हवा, कारण संसर्गाशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात प्रथिनंही जास्त असतात. डब्याच्या दुधानं या बाळांच्या आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा धोका वाढतो, आणि तो आजार जिवावर बेततो.

साधारण 34 आठवड्यांपर्यंत बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ घालता येत नाही. म्हणून आधी नळीनं, मग वाटी-चमच्यानं दूध देतात. "ओढत नाही, म्हणजे तुला दूधच नाही" असं आईला सुनावणं चूक आणि क्रूरही. तिनं पहिल्या काही तासांतच हातानं दूध काढायला सुरुवात करावी, दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा. थेंबच आले तरी ते टाकू नयेत. बाळ छातीवर असलं की दूध वाढतं. तरीही कमी पडलं तर दुसऱ्या आईचं तपासलेलं, पाश्चराइज केलेलं दूध हा पुढचा पर्याय. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती याचसाठी.

मध, गुटी, साखरेचं पाणी नको. धुरी नको, त्या धुरानं आधीच कच्च्या फुफ्फुसांना त्रास होतो. काजळ नको, नाळेवर हळद-तेल नको. आंघोळीची घाई नको. मालिशवाल्या बाईंचा रगडून चोळणारा हात या बाळाला मुळीच नको. मात्र हलक्या हातानं खोबरेल लावणं वाईट नाही. सायनच्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलाच्या मालिशनं कमी दिवसांच्या बाळांचं वजन अधिक वाढलेलं दिसलं. बाळ स्थिर झालं की डॉक्टरांना विचारून सुरू करा.

"घरी आलं, आता सुटलो"

घरी आल्यावर दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, डोळे. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासायला हवा, फारच लहान बाळाचा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाहेरून डोळे छान दिसतात, आणि आत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत असतात. वेळेत कळलं तर उपचार आहे, उशीर झाला तर कायमचं आंधळेपण. दुसरी, लस. ती जन्मतारखेनुसारच द्यायची, "अजून बारीक आहे" म्हणून पुढे ढकलायची नाही. वजनामुळे एखाद्या लशीत बदल करायचा असेल तर तो डॉक्टर करतील. मान धरणं, बसणं, चालणं मात्र डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजायचं, म्हणजे शेजारच्या बाळाशी तुलना करून जीव टांगणीला लागत नाही.

आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. ही योजना देशभर 2011 पासून आहे, आणि तिच्या मुळाशी महाराष्ट्रातलंच काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले आणि 1999 साली ते जगापुढे मांडलं. परोळ-भाताण्याकडच्या पाड्यांत आशाताईचं येणं अंगवळणी पडलं आहे. नालासोपाऱ्याच्या चाळीत भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाला अनेकदा आपली आशाताई कोण हेच माहीत नसतं. विचारून घ्या. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा उपचार, औषधं आणि वाहन मोफत आहे, हेही माहीत असू द्या.

बाळ दूध घेईनासं झालं, गार पडलं, मलूल झालं, मिनिटाला 60 पेक्षा जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढू लागलं, श्वास मध्येच थांबला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर उद्यावर टाकू नका. 108 ला फोन करा.

"आईला काय झालंय? बाळ तर बरं आहे"

बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस रडू येणं, चिडचिड होणं स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटूनही झोप नाही, भूक नाही, बाळाकडे बघवत नाही, आपण नालायक आई आहोत असं वाटतं, हे नखरे नव्हेत. तो आजार आहे, आणि कमी दिवसांच्या बाळांच्या आयांमध्ये तो अधिक दिसतो. माहेर कोकणात किंवा खानदेशात, नवरा पहाटेच्या लोकलनं गेलेला, खोलीत ती आणि दीड-दोन किलोचा जीव. अशात ती कोणाजवळ बोलणार?

छातीवर बाळ घेण्यानं आईलाही आधार मिळतो. हरियाणात घरच्या घरी ही पद्धत शिकवलेल्या आयांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणं सुमारे एक चतुर्थांशानं कमी आढळली. पण दिवसाचे आठ-दहा तास बाळ छातीवर घेणाऱ्या बाईला स्वयंपाक, धुणं आणि पाहुणचार सांगून चालणार नाही. तिला वेळेवर गरम जेवण हवं, रात्री दोन-तीन तास सलग झोप हवी, आणि त्या वेळात बाळाला छातीवर घेणारं दुसरं कुणी हवं. ती जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वसई-विरारमध्ये नवजात कक्ष चालवणाऱ्या सगळ्यांना, महापालिकेला आणि खासगी रुग्णालयांनाही, एक विनंती: प्रत्येक पेटीशेजारी आईला रेलून बसता येईल अशी एक खुर्ची ठेवा. आणि नातेवाइकांनो, बाळ दाखल करताना खर्चाचा आकडा विचाराल तेव्हाच हेही विचारा की आईला आत किती तास बसू देणार, आणि बाळ तिच्या छातीवर कधी देणार.